इंग्रजीच्या सर-मॅडमना, टायपिंगच्या टेबलावरून

धाराशिव जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांत आणि कनिष्ठ महाविद्यालयांत इंग्रजी शिकवणाऱ्या सर्व सर आणि मॅडम यांना,



मी शिक्षक नाही. धाराशिवात माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आधी रेमिंग्टनची मशिनं होती, आता संगणक आणि प्रिंटर आहेत. तुमची मुलं दहावी-बारावी होईपर्यंत तुमच्यासमोर बसतात आणि त्यानंतर माझ्या टेबलापुढे उभी राहतात. नोकरीचा अर्ज, कॉलेजला द्यायचं पत्र, बँकेला ईमेल, पीकविमा कंपनीकडे तक्रार. सगळं इंग्रजीत हवं असतं आणि आत्ताच्या आत्ता हवं असतं. बोर्डाच्या पेपरात किती गुण पडले ते मला कुणी सांगत नाही, पण तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीचं पुढे काय होतं ते मी रोज बघतो. तेवढ्याच अधिकारावर हे पत्र लिहितो आहे. काही ठिकाणी बोचेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो.

माझी तक्रार व्याकरणाची नाही. 'ही गो' चं 'ही गोज' मला करता येतं, संगणकही खाली लाल रेघ मारून दाखवतो. स्पेलिंगचंही तसंच. मला दुरुस्त करता येत नाही ती गोष्ट निराळी आहे. कागदावर दहा वाक्यं असतात आणि त्यातलं कुठलंही उचलून कुठेही ठेवलं तरी काही बिघडत नाही. पहिलं शेवटी न्या, सातवं वर आणा, अर्थाला धक्का लागत नाही, कारण धक्का लागावा असा अर्थच तिथे जमलेला नसतो. वाक्यं एकमेकांना ओळखत नाहीत. परिच्छेद म्हणून जो काही ठोकळा दिसतो तो फक्त समासामुळे दिसतो.

एक उदाहरण सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरात परंडा आणि भूम तालुक्यांत पाण्याने काय केलं ते तुम्ही पाहिलंय. त्यानंतर काही आठवड्यांनी त्या भागातला एक मुलगा सरावाची वही झेरॉक्स करायला घेऊन आला. पुराची बातमी लिहा, असा प्रश्न होता. उत्तरात काय होतं? नदीला मोठा पूर आला, असंख्य लोक बेघर झाले, मंत्र्यांनी पाहणी केली, पूर हा निसर्गाचा कोप आहे, म्हणून आपण झाडे लावली पाहिजेत. गावाचं नाव 'एक्सवायझेड'. नदीला नावच नव्हतं. मशीन तापेपर्यंत मी सहज विचारलं, तुमच्याकडे काय झालं रे? तो म्हणाला, रात्री पाणी गोठ्यात शिरलं. वडिलांनी विळ्याने दावी कापून जनावरं मोकळी सोडली. सकाळी दोन म्हशी सापडल्या, तिसरी सापडली नाही. सोयाबीन शेंगांसकट कुजलं. वरची माती गेली आणि आता खाली नुसता मुरूम दिसतो.

सर, त्यातलं एकही वाक्य जागचं हलवून बघा. हलत नाही. मी म्हटलं, मग हे का नाही लिहिलंस? तो म्हणाला, सरांनी दिलेलंच लिहायचं असतं. वहीत त्या उत्तराखाली लाल शाईने 'गुड' लिहिलेलं होतं.

ते सर कोण, कुठल्या शाळेचे, हे मी विचारलं नाही आणि मला ते जाणूनही घ्यायचं नाही. कारण असा 'गुड' मी इतक्या वह्यांत पाहिलाय, की तो एका माणसाचा राहिलेलाच नाही.

या मुलांना क्रम कळत नाही, असं म्हणू नका. मांडणी ही शिकल्यासवरल्यांचीच गोष्ट असते, यावर माझा विश्वास १९९३ सालीच उडाला. ३० सप्टेंबरच्या पहाटेचा भूकंप किल्लारीच्या नावाने ओळखला जातो, पण आजच्या लोहारा तालुक्यातलं सास्तूर आणि त्या पट्ट्यातली गावंही तशीच जमीनदोस्त झाली होती. नंतर कित्येक महिने तिकडची माणसं अर्ज टाईप करून घ्यायला येत. बरीचशी अंगठेबहाद्दर. समोर बसत आणि सांगत : घर अमुक गल्लीत, इतक्या खणांचं. त्यात आम्ही एवढे जण. त्यातले हे हे गेले. पंचनाम्यात एवढं लागलं, एवढं सुटलं. मिळालं ते असं. आता साहेबांकडे मागणं एवढंच. एक मुद्दा संपला की माणूस श्वास घ्यायचा, मी कॅरेज ढकलून नवी ओळ घ्यायचो, पाच जागा सोडायचो आणि पुढचं सुरू. परिच्छेद मी पाडत नव्हतो, ते बोलण्यातच पडलेले असत. मी फक्त टाईप करायचो.

त्यांची नातवंडं आता माझ्याकडे येतात, पदवी घेऊन. त्यांचा अर्ज 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट' पासून सुरू होतो आणि 'ओब्लाइज' वर संपतो. मध्ये काय हवंय, ते मला विचारून घ्यावं लागतं.

मधल्या काळात असं काय झालं? आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत चालायचा, १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दू होतं. पुण्या-मुंबईसारखी इंग्रजी आपल्याकडे लवकर आली नाही, हे खरं. पण ते कारण आता पुरत नाही. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. म्हणजे दहावीला बसणारं मूल दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. दहा वर्षांत स्वतःच्या मनातल्या सहा ओळी क्रमाने लिहिता येऊ नयेत, याला निजाम जबाबदार नाही.

माझ्या मते याला जबाबदार आहे तो तयार परिच्छेद. गाईडमधला, फळ्यावरचा, 'हमखास येणार' म्हणून झेरॉक्स करून वाटलेला. (त्या झेरॉक्स माझ्याच दुकानात निघतात, म्हणून हे धंद्याविरुद्ध बोलणं समजा.) झाडांवर एक, शिस्तीवर एक, मोबाइलच्या दुष्परिणामांवर एक. मूल तो पाठ करतं, पेपरात उतरवतं, पास होतं. पण परिच्छेद लिहिण्यातलं खरं काम त्याच्या वाट्याला येतच नाही. मला काय सांगायचंय? त्यातलं आधी कुठलं? कुठलं गाळायचं? हे तीन प्रश्न गाईड लिहिणाऱ्याने स्वतःला विचारलेले असतात आणि त्यांची उत्तरं मुलाच्या हातात येतात. प्रश्न मात्र कुणीच त्याच्या हातात देत नाही.

दुसरी तक्रार साच्याची. हल्ली वह्यांत 'टॉपिक सेंटेन्स', 'सपोर्टिंग सेंटेन्स', 'कन्क्लुडिंग सेंटेन्स' असे बाण काढलेले दिसतात. वाईट नाही. परिच्छेदाचं पहिलं वाक्य विषय सांगणारं असावं, हा नियम अलेक्झांडर बेन नावाच्या अॅबर्डीनच्या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ साली आपल्या पुस्तकात घातला आणि तिथून तो जगभरच्या वर्गांत पसरला. पण बेननेसुद्धा त्यात फट ठेवली होती : पहिलं वाक्य नुसतं पुढच्याची तयारी करणारं असेल, तर हा नियम लागू नाही. आपल्या वर्गात पोचेपर्यंत ती फट बुजली. आता प्रत्येक परिच्छेद एकाच चालीने येतो. 'फर्स्टली', 'सेकंडली', 'मोरओव्हर', 'हाउएव्हर', शेवटी 'इन धिस वे'. 'हाउएव्हर' च्या पुढे काहीतरी उलटं यायला हवं ना? येत नाही, आधीचंच पुन्हा येतं. 'देअरफोर' च्या आधी कारण असावं लागतं, तिथे नुसती हवा असते. जोडशब्द आहेत, जोड नाही. मुलांना वाटतं हे शब्द घातले की गुण मिळतात, आणि त्यांचं वाटणं बहुधा चुकीचंही नसावं.

तक्ता देऊन परिच्छेद लिहायला सांगणारा प्रश्न घ्या. मला तो फार आवडतो, कारण त्यात पाठांतर चालत नाही. समजा जून ते सप्टेंबरच्या पावसाचे आकडे दिलेत. मुलं काय करतात? जूनमध्ये एवढा, जुलैमध्ये एवढा, ऑगस्टमध्ये एवढा, सप्टेंबरमध्ये एवढा. तक्ता आडवा होता तो उभा केला. पेरणीच्या वेळी पावसाने दगा दिला आणि काढणीच्या वेळी झोडपलं, हे शेतकऱ्याच्या पोराला तो तक्ता बघताक्षणी दिसतं. ते वाक्य आधी लिही आणि मग त्याला लागतील तेवढेच आकडे दे, बाकीचे सोड, एवढं कुणीतरी त्याच्या शेजारी उभं राहून सांगायला हवं. आकडे सोडून देण्याची मुलांना भीती वाटते. सोडलं की गुण कापतात, असं त्यांना वाटतं. ही भीती तुम्हीच घालवू शकता.

एकाच मुद्द्याला धरून राहणं म्हणजे काय, हे आपल्या मुलांना परक्या पुस्तकातून शिकवायची गरज नाही. तेरला गोरोबाकाकांच्या गावी कीर्तनाला बसलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. महाराज एक अभंग घेतात आणि निरूपण त्या अभंगाभोवतीच फिरतं. दृष्टांत कितीही लांब गेला तरी चरणावर परत यावंच लागतं. आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा होते, की बुवा भरकटले. ही पारख मुलांच्या कानात आहे. वर्गात तिचा उपयोग करा.

कसा करायचा, याबद्दल एक सुचवतो. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं, तेव्हा पानाच्या एका स्तंभात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असायचा. त्या वेळी मोडी लिहिणारे लोक शब्दही तोडून लिहीत नसत, विरामचिन्हं मराठीत नीट रुजायला मेजर कँडींची वाट बघावी लागली. तशा काळात दोन भाषा शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या. तेच वहीत करा. डाव्या पानावर मुलाने आपलं म्हणणं मराठीत लिहावं, उजव्या पानावर इंग्रजीत. डावीकडचं विस्कळीत असेल तर उजवीकडे जाऊच देऊ नका. आधी इंग्रजीतून विचार करायला शिका, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्या कळंब-वाशीच्या मुलाला इंग्रजीतून विचार करायला लावलं की तो विचारच बंद करतो, असं मी रोज बघतो.

आणि विषय त्याचे असू द्या. बाजार समितीत सोयाबीनचा भाव कसा ठरला. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर चालणाऱ्यांना पाणी कोण देतं. एसटी वेळेवर आली नाही म्हणून कुठला तास बुडाला. नळदुर्गचा पाणीमहाल बघायला गेलो तेव्हा धबधबा चालू होता की नाही. सहा वाक्यं पुरेत. 'एक्सवायझेड' गाव मात्र वहीतून कायमचं काढून टाका. आठ तालुक्यांत गावांना तोटा नाही.

नमुना म्हणून काही वाचून दाखवायचं असेल, तर तेही लांब शोधायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४१ साली आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. त्यांच्या नावाने शाळाशाळांत भाषणं होतात, फोटोला हार घातले जातात. त्यांचं इंग्रजी किती वर्गांत उघडलं जातं? लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेलं आणि तिथे करू न दिलेलं जातिनिर्मूलनाचं भाषण त्यांनी १९३६ साली स्वतः छापलं. त्यातलं कुठलंही पान काढा. प्रश्न उभा करतात, समोरच्याचा युक्तिवाद त्याच्यापेक्षा नीट मांडतात, मग एकेक खिळा काढत जातात. प्रत्येक परिच्छेदाला एकच काम दिलेलं असतं आणि ते संपलं की परिच्छेद थांबतो. राज्य सरकारने १९७९ पासून त्यांचे इंग्रजी ग्रंथ खंडांमध्ये प्रसिद्ध केले, पहिल्याच खंडात हे भाषण आहे. शाळेच्या ग्रंथालयात तो खंड असेल तर कपाटाची किल्ली शोधा. नववीच्या मुलाला सगळे शब्द कळणार नाहीत, चालेल. परिच्छेद कुठे सुरू झाला आणि तिथेच का संपला, एवढं विचारा.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. एकेका तुकडीत साठ-सत्तर मुलं, तीन-चार तुकड्या, वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, ऑनलाइन भरायच्या माहितीचे तक्ते. ते तक्ते भरायलाही तुमच्यापैकी काही जण माझ्याकडेच येतात. एवढ्या वह्या दर आठवड्याला तपासणं कुणाच्या बापाला जमणार नाही. म्हणून सगळ्या तपासू नका. आठवड्याला दहा घ्या. बाकीच्यांनी वह्या अदलाबदल करायच्या आणि शेजाऱ्याच्या परिच्छेदाखाली मराठीत एक ओळ लिहायची : याला काय म्हणायचंय. ती ओळ लिहिता आली नाही, तर परिच्छेद परत. यात इंग्रजीचं ज्ञान लागत नाही, लाल पेनही लागत नाही. आणि तुम्ही ज्या दहा तपासाल, त्यांत स्पेलिंगला आधी हात लावू नका. आधी वाक्यांचा क्रम बघा. मुलाने एकदा तो परिच्छेद पुन्हा लिहावा. एका उत्तराला दुसरी संधी असते, हेच आपल्याकडच्या बहुतेक मुलांना ठाऊक नाही. त्यांनी कच्चा खर्डा कधी बघितलेलाच नाही, फक्त 'फेअर' वही बघितली आहे.

तुमच्यातले जे बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासतात, त्यांना वेगळी विनंती. लातूर विभागातल्या परीक्षकांच्या बैठकीत एकदा तरी हा विषय काढा. गाईडमधला गुळगुळीत परिच्छेद आणि मुलाचा स्वतःचा, दोन चुका असलेला पण क्रमाने लिहिलेला परिच्छेद, यांना सारखेच गुण पडत असतील, तर कुठलं मूल दुसरा लिहील?

आता मोबाइलचं. अलीकडे मुलं माझ्याकडे एआयकडून लिहून घेतलेला अर्ज आणतात. चकचकीत इंग्रजी, एकही चूक नाही, 'आय अॅम रायटिंग टु एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट'. मुलगी उमरग्याची, नोकरी एका गोदामात बिलं करायची, आणि अर्जात ती 'डायनॅमिक एन्व्हायर्नमेंट' मध्ये वाढायला उत्सुक आहे. तुमच्यातले काही जण या यंत्राच्या नावाने बोटं मोडतात, मी ऐकलंय. पण खरं सांगा, या मुलांना दुसऱ्याचा परिच्छेद आपला म्हणून द्यायची सवय मोबाइलने लावली का? ती आधीच लागलेली होती. तेव्हा गाईड विकत घ्यावं लागायचं, आता फुकट मिळतं, इतकाच फरक. त्या मुलीला मी विचारलं, तुला नेमकं काय येतं? ती म्हणाली, मी मामाच्या दुकानात दोन वर्षं हिशेब ठेवला, जीएसटीची बिलं केली, उधारीची वही मी संगणकावर घेतली. तेच लिहिलं. चार साध्या वाक्यांचा परिच्छेद झाला. तिला तो फारच लहान वाटला.

हे सगळं आत्ताच का लिहितो आहे? राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ च्या भरतीपासून वर्णनात्मक झाली म्हणून. गोल काळे करण्याचे दिवस गेले. निबंध आहे, सामान्य अध्ययनाच्या पेपरांत लांब उत्तरं आहेत आणि इंग्रजीचा तीनशे गुणांचा एक वेगळा पेपर आहे. त्यात पंचवीस टक्के, म्हणजे ७५ गुण, मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांतले गुण धरलेच जात नाहीत. आपल्या जिल्ह्यातली किती मुलं पुण्यात सदाशिव पेठेच्या आसपास खोल्या घेऊन बसली आहेत, ते तुम्हाला माहीत आहे. घरून शेतीतले पैसे जातात. वस्तुनिष्ठ प्रश्नांना सरावलेली ही मुलं आता क्लासवाल्यांकडून पुन्हा तयार परिच्छेदच विकत घेत आहेत, फक्त किंमत वाढली आहे. जे आठवीत-नववीत फुकट शिकता आलं असतं, ते पंचविशीत पैसे मोजूनही मिळत नाही.

माझं मागणं थोडक्यात सांगायचं तर आठवड्यातला एक तास. त्या तासाला गाईड बंद, मोबाइल बंद, फळा रिकामा. मुलाने त्याच्या स्वतःच्या गोष्टीवर सहा वाक्यं लिहावीत, आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि पुढच्या तासाला ती सुधारून पुन्हा लिहावीत. येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू केलं, तरी शाळेच्या पूर्वपरीक्षेच्या आधी बरेच परिच्छेद होतील. निकालाची टक्केवारी त्याने घसरणार नाही, याची मला खात्री आहे. वाढेलच असं वचन मात्र देत नाही, मी टाईप करणारा माणूस आहे.

या पत्रातलं कुणाला पटलं नाही, तर उलट उत्तर जरूर पाठवा. मराठीत लिहा, इंग्रजीत लिहा, हाताने लिहिलं तरी चालेल. फक्त परिच्छेद पाडून लिहा आणि ते तुमचे स्वतःचे असू द्या.

आपला नम्र,
एक टंकलेखक
धाराशिव